आपला सैनिक, परका सैनिक

19 एप्रिल 1861 रोजी मॅसॅच्युसेट्सची सहावी पलटण बाल्टिमोर शहर ओलांडून वॉशिंग्टनकडे चालली होती. फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्याला, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धाला तोंड फुटल्याला, जेमतेम आठवडा झाला होता. दक्षिणेची बाजू घेणाऱ्या जमावाने पलटणीला रस्त्यात गाठले, दगड आणि गोळ्या चालवल्या आणि चार शिपाई मारले गेले. बातमी बॉस्टनला पोचली तेव्हा गव्हर्नर जॉन अँड्र्यू यांनी बाल्टिमोरच्या महापौरांना तार केली. आमच्या माणसांचे मृतदेह बर्फात नीट जपून, मायेने आमच्याकडे धाडा, जो खर्च येईल तो आमचे राज्य देईल, असा तिचा आशय होता. ही फौज राष्ट्राध्यक्ष लिंकन यांनी मागवलेली होती आणि वॉशिंग्टनच्या रक्षणासाठी निघाली होती. तरी मेलेल्या माणसाची जबाबदारी एका राज्याच्या गव्हर्नराने कोणाला न विचारता आपल्या शिरावर घेतली. पुढच्या दीडशे वर्षांत अमेरिकेतील राज्यांच्या विधिमंडळांनी माजी सैनिक, विधवा आणि अनाथ मुले यांच्यासाठी जे शेकडो कायदे केले, त्यांचे बळ या तारेत दिसते. त्यांचा दोषही तिथेच आहे, कारण राज्य धावून जाते ते 'आमच्या' माणसासाठी, आणि 'आमचा' कोण हे ठरवण्याचा अधिकारही ते स्वतःकडेच ठेवते.

या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. राज्याची मदत केंद्राच्या मदतीपेक्षा लवकर पोचते आणि गरजेच्या जास्त जवळ असते, पण जवळच्या माणसाने दिलेली असल्यामुळेच तिच्यात पक्षपात आणि उपकाराची भावना सहज शिरते. तो पक्षपात कृतज्ञतेच्या भाषणांनी दूर होत नाही. कायद्यात हक्क नेमका लिहिलेला असेल, पैशाचा उगम ठरलेला असेल आणि कारभारावर कोणाची तरी नजर असेल, तेव्हाच तो आटोक्यात येतो. अमेरिकेत ही परंपरा राष्ट्राच्या जन्माहून जुनी आहे. 1636 मध्ये पेक्वॉट टोळ्यांशी संघर्ष पेटत असताना प्लिमथच्या वसाहतीने ठराव केला होता की, लढाईवर पाठवलेला माणूस जायबंदी होऊन परतला तर वसाहतीने त्याला आयुष्यभर पोसावे. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, ऑगस्ट 1776 मध्ये, खंडीय काँग्रेसने जखमी सैनिकांना अर्ध्या पगाराचे पेन्शन मंजूर केले, पण तिच्या तिजोरीत पैसा नव्हता आणि कर बसवण्याचा अधिकारही नव्हता. वचन काँग्रेसचे आणि ते पाळायचे राज्यांनी, अशी ती व्यवस्था होती. नवी राज्यघटना आल्यावर पेन्शनचा भार केंद्राने उचलला खरा, पण दर युद्धात केंद्राचे हात अपुरे पडले आणि राज्यांना खिशात हात घालावा लागला.

1861 च्या मे महिन्यात मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले गेले आणि त्यात स्वयंसेवक सैनिकांच्या कुटुंबांना मदत देणारा कायदा झाला. त्याची रचना साधी आणि शहाणी होती. सैनिकाची बायको, मुले, त्याच्यावर अवलंबून असलेले आईबाप यांना मदत द्यायची ती त्यांच्या गावाने किंवा शहराने, आणि तो पैसा एका मर्यादेपर्यंत राज्याने गावाला परत करायचा. ही मर्यादा कुटुंबामागे महिन्याला 12 डॉलर होती. साध्या शिपायाचा पगार त्या वेळी महिन्याला 11 डॉलर होता, ऑगस्टमध्ये तो 13 झाला, आणि तोही कित्येकदा महिनोन्महिने थकत असे. म्हणजे घरी मिळणारी मदत जवळजवळ पगाराइतकी होती आणि पगारापेक्षा भरवशाची होती. गावाच्या कारभाऱ्यांना कोणाच्या घरी किती तोंडे आहेत हे ठाऊक असे, त्यामुळे लबाडीला जागा कमी उरे. पैसा शेवटी राज्याचा असल्याने गरीब गावालाही आपल्या सैनिकांच्या घरांकडे पाठ फिरवण्याचे कारण उरत नसे. ही रचना इतकी टिकाऊ ठरली की तिचा वारसा आजही चालू आहे. मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याच्या 115 व्या प्रकरणानुसार तुटपुंज्या उत्पन्नाच्या माजी सैनिकांना आणि त्यांच्यावर अवलंबून असलेल्यांना आजही गाव किंवा शहरच मदत देते, आणि त्यातला 75 टक्के खर्च राज्य भरून देते.

दक्षिणेतही राज्यांना हेच करावे लागले, फक्त परिस्थिती कितीतरी बिकट होती. दक्षिणेच्या फुटीर राज्यांच्या कॉन्फेडरेट सरकारने 1862 मध्ये सक्तीची भरती सुरू केली आणि लहान शेतकऱ्यांच्या घरातला नांगर धरणारा माणूस उचलून नेला. शेते ओस पडली, मिठापासून धान्यापर्यंत प्रत्येक वस्तू महागली. डिसेंबर 1862 मध्ये जॉर्जियाच्या विधिमंडळाने सैनिकांच्या गरजू कुटुंबांसाठी 25 लाख डॉलर मंजूर केले. एवढी रक्कम याआधी त्या राज्याने गरिबांसाठी कधी काढली नव्हती. ही केवळ दया नव्हती. सैनिकांच्या बायका गव्हर्नरांना पत्रांवर पत्रे लिहीत होत्या, आणि आमचा माणूस तुम्ही नेलात, आता आमचे पोट तुमच्याकडे, असा त्या पत्रांचा रोख होता. मार्च 1863 मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्सबरीत आणि 2 एप्रिलला खुद्द राजधानी रिचमंडमध्ये बायकांनी दुकाने आणि कोठारे फोडली. मतदानाचा अधिकार नसलेल्या या बायकांनी विधिमंडळांना आपली दखल घ्यायला लावली. पण चलन फुगत गेले तसे मंजूर आकडे कागदावरच राहिले. मदतीचा कायदा करणे आणि मदत ताटात पडणे यांच्यात जे अंतर असते, ते दक्षिणेतल्या घरांनी युद्धाच्या उरलेल्या दोन वर्षांत भोगले.

राज्याची सदिच्छा कुठे अपुरी पडते याचे उदाहरण मात्र उत्तरेतच आणि मॅसॅच्युसेट्समध्येच घडले. 1863 मध्ये गव्हर्नर अँड्र्यू यांनी कृष्णवर्णीय सैनिकांची 54 वी पलटण उभी केली आणि पाठोपाठ 55 वी. गोऱ्या शिपायाइतका पगार मिळेल, या आश्वासनावर माणसे भरती झाली होती. प्रत्यक्षात केंद्र सरकारने त्यांना महिन्याला 10 डॉलर देऊ केले आणि त्यातले 3 कपड्यांसाठी कापून घ्यायचे ठरवले. म्हणजे गोऱ्याला 13 आणि यांना 7. पलटणीने पगारच नाकारला. ही नामुष्की टाळण्यासाठी नोव्हेंबर 1863 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने फरकाची रक्कम राज्याच्या तिजोरीतून देण्याचा कायदा केला. जुलैमध्ये फोर्ट वॅग्नरच्या हल्ल्यात या पलटणीने शेकडो माणसे गमावली होती, घरी बायकामुले हलाखीत होती, तरी सैनिकांनी राज्याचाही पैसा घेतला नाही. आपल्या राज्याला कीव आली म्हणून भरपाई नको, देशाने बरोबरीचे सैनिक मानून पगार द्यावा, ही त्यांची भूमिका होती. जून 1864 मध्ये काँग्रेसने पगार समान करायला सुरुवात केली आणि मार्च 1865 मध्ये उरलेला भेद मिटवला. राज्याची मदत केंद्राच्या कर्तव्याला पूरक असू शकते, पण केंद्राच्या अन्यायावर पांघरूण घालू लागली तर तिचे मोल संपते, हे त्या अर्धपोटी शिपायांना विधिमंडळाच्या सदस्यांपेक्षा आधी कळले होते.

मदतीत हक्क लिहिलेला असला तरी देखरेख नसली की काय होते, हे पेनसिल्व्हेनियाच्या अनाथ शाळांनी दाखवले. 1862 मध्ये पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीने युद्धकार्यासाठी राज्याला 50,000 डॉलर देऊ केले, पण ते स्वीकारण्याचा अधिकार गव्हर्नर अँड्र्यू कर्टिन यांना नव्हता. 1864 मध्ये विधिमंडळाने तो पैसा मृत सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणासाठी घेण्याची परवानगी दिली आणि शिक्षणक्षेत्रातले जाणते थॉमस बरोज यांच्याकडे काम सोपवले. नवी इमारत बांधण्यात वर्षे घालवण्यापेक्षा बरोज यांनी चालू असलेल्या खासगी शाळा आणि वसतिगृहे यांच्याशी करार केले. राज्य दर मुलामागे ठरावीक रक्कम देई, आणि राहणे, जेवण, कपडे, शिक्षण हे सगळे शाळा पाही. योजना झटपट उभी राहिली आणि वयाच्या सोळाव्या वर्षापर्यंत हजारो मुलांना तिचा आधार मिळाला. पण करारात एक खोट होती. मुलामागे मिळणारा पैसा ठरलेला असल्याने त्याच्या ताटातले आणि अंगावरचे जितके कमी तितका चालकाचा नफा जास्त. मूळची ध्येयवादी माणसे बाजूला झाली, अनेक शाळा मोजक्या धंदेवाईकांच्या ताब्यात गेल्या. 1886 मध्ये वर्तमानपत्रांनी बोंब केल्यावर गव्हर्नर रॉबर्ट पॅटिसन स्वतः चौकशीला गेले आणि कोंदट खोल्या, फाटके कपडे, आजारी मुलांची हेळसांड असे चित्र बाहेर आले. तीन वर्षांनी कारभार एका आयोगाकडे गेला, आणि 1895 मध्ये स्कॉटलंड नावाच्या गावी राज्याने स्वतःची शाळा काढली. ती थेट 2009 पर्यंत चालली. म्हणजे योजना मोडीत न काढता राज्याने कारभाराची रीत बदलली. वीस वर्षे कोणी पाहिले नव्हते, तेवढ्यात जी मुले वाढली त्यांना मात्र या सुधारणेचा उपयोग नव्हता.

युद्ध संपले तेव्हा दक्षिणेतल्या राज्यांपुढे वेगळाच पेच होता. पराभूत बाजूचे सैनिक केंद्राच्या दृष्टीने बंडखोर होते, त्यांना केंद्राकडून छदामही मिळणार नव्हता. आणि गावोगावी हात किंवा पाय गमावलेले तरुण दिसत होते. जानेवारी 1866 मध्ये नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने आपल्या अपंग सैनिकांना कृत्रिम पाय पुरवण्याचा ठराव केला. पाय बनवणाऱ्या कंपनीने राजधानी रॅलीमध्ये कारखाना थाटला, मापे द्यायला येणाऱ्यांच्या रेल्वेप्रवासाची आणि मुक्कामाची सोय राज्याने केली, आणि ज्यांना कृत्रिम अवयव बसवता येत नव्हता त्यांना पायामागे 70 आणि हातामागे 50 डॉलर रोख दिले. खंक झालेल्या राज्याने हे केले याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही, आणि पुढे इतर दक्षिणी राज्यांनीही हाच कित्ता गिरवला. पण त्याच विधिमंडळाने त्याच वर्षी मार्चमध्ये नुकत्याच गुलामीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांचे हक्क आखडून ठेवणारा कायदाही केला. या लोकांतले हजारो जण केंद्राच्या फौजेत लढले होते, आणि त्यांतलेही काही पाय गमावून त्याच गावांत परतले होते. राज्याने पाय दिला तो राज्यासाठी लढलेल्याला. त्याच मातीत जन्मून राष्ट्रासाठी लढलेला माणूस या हिशेबात परका ठरला. वाहत्या जखमेला रंग नसतो असे म्हणतात, पण अर्जाच्या फॉर्मला तो होता.

पुढच्या चाळीस वर्षांत केंद्र आणि दक्षिणी राज्ये यांची दोन समांतर पेन्शन-जगे उभी राहिली. 14 जुलै 1862 च्या कायद्याने केंद्राने आपल्या जायबंदी सैनिकांना पेन्शन सुरू केले होते. साध्या शिपायाला पूर्ण अपंगत्वासाठी महिन्याला 8 डॉलर मिळत, आणि सैनिक गेला तर विधवेला आणि मुलांना. 1890 च्या कायद्याने दार आणखी उघडले आणि युद्धाशी संबंध नसलेल्या अपंगत्वालाही पेन्शन मिळू लागले. 1893 च्या सुमारास केंद्राच्या उत्पन्नाचा जवळपास 40 टक्के भाग या पेन्शनवर खर्च होत होता. हा पैसा आयात कर आणि इतर करांतून येई, म्हणजे दक्षिणेचा माणूसही तो भरत होता. दक्षिणी राजकारण्यांनी ही बोच पुरेपूर वापरली आणि एकेक राज्य स्वतःचे पेन्शन सुरू करत गेले. फ्लोरिडा आणि नॉर्थ कॅरोलिना यांनी 1885 मध्ये, साउथ कॅरोलिनाने 1887 मध्ये, व्हर्जिनिया आणि मिसिसिपी यांनी 1888 मध्ये, अलाबामा आणि आर्कन्सा यांनी 1891 मध्ये पेन्शनचे कायदे केले. टेक्ससकडे रोख कमी आणि जमीन उदंड होती, म्हणून त्याने 1881 मध्ये अपंग सैनिकांना 1,280 एकरांचे दाखले दिले. दोनच वर्षांत ती योजना गुंडाळली गेली आणि 1899 मध्ये रोख पेन्शन आले, तेही 1880 पूर्वीपासून टेक्ससमध्ये राहणाऱ्या गरिबांना. रक्कम केंद्राच्या मानाने किरकोळ, आणि ती मिळवण्यासाठी अर्जदाराला आपण कंगाल आहोत, फौजेतून पळालो नव्हतो आणि विधवा असेल तर दुसरे लग्न केलेले नाही, हे गावातल्याच समितीपुढे साक्षीदारांनिशी सिद्ध करावे लागे. मॅसॅच्युसेट्समध्ये गावाची जवळीक मदत बिनचूक पोचवण्याच्या कामी आली होती. इथे तीच जवळीक म्हाताऱ्या विधवेला शेजाऱ्यांपुढे आपली गरिबी मांडायला लावत होती.

या पेन्शनांच्या तारखा दुसऱ्या एका यादीशेजारी ठेवल्या की त्यांचा राजकीय अर्थ उलगडतो. मिसिसिपीने 1890 मध्ये, साउथ कॅरोलिनाने 1895 मध्ये, लुइझियानाने 1898 मध्ये, अलाबामाने 1901 मध्ये नव्या घटना करून कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ हिरावून घेतला. लुइझियानाचे पहिले कॉन्फेडरेट पेन्शन 1898 चेच. अलाबामाच्या 1901 च्या घटनेत दोन्ही गोष्टी एकत्रच दिसतात. तिने मालमत्तेवर कॉन्फेडरेट सैनिक आणि विधवांसाठी वेगळा कर ठेवला. दुसरीकडे मतदारनोंदणीच्या कडक अटींतून सुरुवातीच्या काळापुरती सूट दिली ती पूर्वीच्या युद्धांत लढलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना. लढलेल्या पिढीचे ऋण फेडण्याच्या नावाखाली पुढच्या पिढीचे नागरिकत्व वाटून घेतले जात होते, आणि तो मालमत्ता कर कृष्णवर्णीय शेतकरीही भरत होता. मिसिसिपीने आणि 1920 च्या दशकात टेनेसी, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना यांनी काही कृष्णवर्णीय म्हाताऱ्यांनाही कॉन्फेडरेट पेन्शन दिले, असे सांगून या राज्यांची बाजू घेतली जाते. पण ते दिले गेले मालकाबरोबर छावणीत गेलेला नोकर म्हणून. सक्तीने नेलेल्या गुलामाची निष्ठा पेन्शनला पात्र ठरली, स्वतःच्या सुटकेसाठी बंदूक उचललेल्याची नाही. अलाबामातल्या त्या कराचा एक भाग आजही कॉन्फेडरेट स्मारक उद्यानाला जातो, शेवटचा सैनिक जाऊन दशके लोटली तरी.

इथे एक रास्त आक्षेप येतो. युद्ध पुकारते केंद्र, फौज केंद्राची, तर ऋणही केंद्रानेच फेडावे. राज्यांनी त्यात हात घातला की मदत विषम होते आणि कोणत्या राज्यात घर आहे यावर विधवेचे नशीब ठरते. वर सांगितलेला इतिहास या आक्षेपाला बळच देतो, तरी तो अर्धाच खरा आहे. यादवी युद्धातल्या पलटणी राज्यांनीच उभ्या केल्या होत्या, राज्यांच्या नावाने लढल्या होत्या, आणि त्यांचे बहुतेक अधिकारी गव्हर्नरांनी नेमले होते. शिवाय केंद्राचा कायदा हुद्दा, जखम आणि मृत्यूची नोंद ओळखतो. घरभाडे, मुलाची शाळा, मालमत्ता कर, सरकारी नोकरी या गोष्टी राज्याच्या आणि गावाच्या हातात असतात. केंद्रही निर्दोष नव्हते. गुलामीत झालेल्या लग्नांची नोंद नसल्याने कृष्णवर्णीय सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळणे अवघड होते आणि त्यासाठी 1864 मध्ये पुराव्याचा नियम मुद्दाम सैल करावा लागला. तरी कागदपत्रांअभावी कितीतरी अर्ज फेटाळले गेले. म्हणून राज्यांनी दूर राहावे हे या आक्षेपाचे उत्तर ठरत नाही. किमान हक्क केंद्राने सर्वांना सारखा द्यावा आणि राज्याने त्याच्या वर भर घालावी, ती भर घालताना माणूस कोणत्या बाजूचा हे न पाहता, अशी वाटणी केली तर दोन्हीकडचे गुण वापरता येतात.

पहिल्या महायुद्धानंतर राज्यांच्या मदतीला हळूहळू असे वळण लागले. मॅसॅच्युसेट्सने 1919 मध्ये प्रत्येक सैनिकाला 100 डॉलर दिले, विस्कॉन्सिनने त्याच वर्षी शिकू इच्छिणाऱ्यांना शिक्षणासाठी मासिक मदत सुरू केली, कॅलिफोर्नियाने 1921 मध्ये शेत आणि घर घेण्यासाठी कर्जाची योजना आणली. न्यूयॉर्कमध्ये बोनसचा कायदा 1921 मध्ये राज्याच्या सर्वांत वरिष्ठ न्यायालयाने रद्द केला, कारण राज्याची पत खासगी व्यक्तींच्या लाभासाठी वापरायला घटनेत मनाई होती. मग 1923 मध्ये मतदारांकडून घटनादुरुस्ती करून घ्यावी लागली. हा वळसा त्रासाचा होता, पण त्यामुळे मदत गव्हर्नराच्या मर्जीवर न राहता मतदारांच्या संमतीवर उभी राहिली. टेक्ससनेही 1946 मध्ये घटनादुरुस्ती करून माजी सैनिकांना सवलतीने जमीन देण्याची योजना आणली. राज्य जमीन विकत घेणार आणि सैनिकाला लांब मुदतीच्या हप्त्यांनी विकणार, असे तिचे स्वरूप होते. हक्क लिहिलेला होता, पैसा होता, देखरेख मात्र नव्हती. दलालांनी जमिनी स्वस्तात उचलल्या आणि फुगवलेल्या भावाने राज्याच्या गळ्यात मारल्या. त्यासाठी सह्या घेतल्या त्या फारसे न शिकलेल्या कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन वंशाच्या माजी सैनिकांच्या, आणि आपण जमीन घेतो आहोत हे त्यांतल्या कित्येकांच्या गावीही नव्हते. क्वेरो या लहानशा गावातल्या वर्तमानपत्राचे संपादक केनेथ टॉवेरी यांनी 1954 मध्ये हे प्रकरण उघड केले. ते स्वतः दुसऱ्या महायुद्धात जपानचे युद्धकैदी होते. त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि राज्याचे जमीन आयुक्त बॅस्कम जाइल्स तुरुंगात गेले. कायदा ज्यांच्या नावाने केला, त्यांच्यातल्या सर्वांत दुबळ्यांनाच तो लुटण्याचे हत्यार बनला होता.

दुसरा आक्षेप समतेचा आहे आणि तो अधिक अवघड आहे. सैनिकाला सरकारी नोकरीत अग्रक्रम दिला की दुसऱ्या कोणाची तरी जागा जाते. मॅसॅच्युसेट्समध्ये परीक्षा उत्तीर्ण झालेला माजी सैनिक कितीही गुण मिळवलेल्या इतर उमेदवाराच्या आधी यादीत येई, आणि ही सवलत आयुष्यभराची होती. राज्य सेवेतल्या एका स्त्रीने त्याला आव्हान दिले, कारण राज्यातल्या माजी सैनिकांत 98 टक्क्यांहून जास्त पुरुष होते. यात योगायोग नव्हता. केंद्रीय कायद्याने 1967 पर्यंत फौजेतील स्त्रियांचे प्रमाणच 2 टक्क्यांवर बांधून ठेवले होते. 1979 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी कायदा वैध ठरवला, कारण त्यामागे स्त्रियांना वगळण्याचा हेतू सिद्ध झाला नाही. कायदेशीर दृष्टीने निकाल उभा राहिला, तरी मूळ प्रश्न त्याने मिटत नाही. मारल्या गेलेल्या सैनिकाची विधवा आणि घरात राहून त्याच युद्धाचा भार वाहिलेली बहीण यांच्यासाठी राज्याकडे काय आहे, हा तो प्रश्न आहे. आयुष्यभराच्या नोकरीचा अग्रक्रम हा ऋण फेडण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग वाटतो, कारण त्याचा आकडा अंदाजपत्रकात दिसत नाही. पण किंमत कोणीतरी मोजतेच. म्हणून ज्या मदतीची किंमत सगळ्या करदात्यांत वाटली जाते ती, एका परीक्षार्थीच्या माथी मारलेल्या मदतीपेक्षा अधिक प्रामाणिक मानली पाहिजे.

किंमत मोजण्याचीही एक तऱ्हा असते. व्हर्जिनियामध्ये मारल्या गेलेल्या आणि गंभीर अपंग झालेल्या सैनिकांच्या पत्नी-मुलांना सरकारी विद्यापीठांत शुल्कमाफी आहे. लाभार्थी वाढत गेले तसा विद्यापीठांवरचा बोजा वाढला, कारण माफीचा कायदा विधिमंडळाने केला होता आणि भुर्दंड विद्यापीठे सोसत होती. 2024 च्या अंदाजपत्रकात विधिमंडळाने गुपचूप नव्या अटी घातल्या. सैनिकी कुटुंबांनी रान उठवले आणि काही आठवड्यांतच, जुलैमध्ये, अटी मागे घेऊन जादा निधी द्यावा लागला. खर्च वाढतो हे विधिमंडळाचे म्हणणे खोटे नव्हते. पण वचन देताना पैसा कुठून येणार हे सांगितले नसेल, तर पुढे वचन मोडण्याची वेळ त्याच विधवेच्या दारात येते. हे ऋण किती काळ चालते याची कल्पनाही वचन देणाऱ्यांना क्वचितच असते. यादवी युद्धातल्या एका सैनिकाची मुलगी 2020 मध्ये नॉर्थ कॅरोलिनात वारली, तोवर केंद्र सरकार तिला दरमहा 73 डॉलर 13 सेंट देत होते. तिचे वडील आधी दक्षिणेच्या फौजेत होते आणि मग उत्तरेच्या फौजेत गेले होते. 1865 मध्ये संपलेल्या लढाईचा हप्ता 155 वर्षांनी बंद झाला.

या इतिहासाचा निवाडा राज्यांच्या बाजूने द्यायचा की विरुद्ध, असा प्रश्न विचारणे गैर आहे. तिजोरी रिकामी असताना राज्यांनी पाय दिले, केंद्राचा पगार थकला तेव्हा चुली पेटत्या ठेवल्या, अनाथांना शाळा दिल्या. त्याच राज्यांनी मदतीच्या ओळीतून आपल्याच भूमीतल्या माणसांना बाहेर काढले आणि मदतीच्या नावाने सत्ता वाटून घेतली. जिथे नियम सर्वांना एक होता, पैशाची तरतूद उघड होती आणि कारभार तपासला जात होता, तिथे मदत पिढ्यान्‌पिढ्या टिकली, मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याचे 115 वे प्रकरण त्याची साक्ष आहे. आपल्याकडेही सैन्य हा केंद्राचा विषय आणि सैनिकाच्या घराचा बराचसा भार राज्याचा, अशीच वाटणी आहे. महाराष्ट्रात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालये राज्य शासनाच्याच विभागाखाली चालतात. तेव्हा पुढच्या वेळी सभागृहात एखाद्या शहिदाच्या कुटुंबासाठी मदतीची घोषणा होईल आणि बाके वाजतील, तेव्हा वाचकाने टाळ्यांत सामील होण्याआधी आपल्या आमदाराला विचारावे की, हा निर्णय एकाच घरासाठी आहे की तशा प्रत्येक घरासाठी, पैसा कोणत्या शीर्षाखाली ठेवला आहे, आणि पाच वर्षांनी तो पोचतो आहे की नाही हे कोण पाहणार आहे. उत्तर मिळाले नाही, तर ती घोषणा अजून मदत झालेली नाही.